मास्टरांचं माप

आमच्या दुकानात मापं मोठ्याने सांगायची पद्धत होती. मास्टर गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायचे, आकडा खणखणीत आवाजात सांगायचे, आणि कोपऱ्यात काज-बटणं करत बसलेली मी तो लिहून घ्यायचे. पण त्या आकड्यांवर विश्वास ठेवून कुणी खरंच कापड कापलं असतं, तर गावातल्या निम्म्या पुरुषांना पँट चढवता आली नसती आणि उरलेल्यांची गळून पडली असती.

कारण मास्टर खोटं सांगायचे. पोट सुटलेला माणूस समोर उभा असला की दोन इंच कमी. हाडं मोजता येतील असा कुणी आला की दोन इंच जास्त. मी गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकायचे, दोन घालायचे की काढायचे ते ठरवायचे आणि खरा आकडा लिहायचे. आमच्यात याबद्दल कधी बोलणं झालं नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी सांगितलेलं तसंच लिहिलं, एका व्यापाऱ्याची पँट मांडीच्या वर जाईना, तेव्हा मास्टर एवढंच म्हणाले, "बाई, कानांनी लिहू नका, डोळ्यांनी लिहा."

दुकान टीचभर. एकाचं माप चाललेलं असताना दोघे-तिघे बाकावर बसलेले असायचे, वर्तमानपत्र तोंडासमोर आणि कान इकडे. "चारचौघांत आपलं पोट ऐकायला कुणाला आवडतं?" मास्टर म्हणायचे. "माणूस कपडे शिवायला येतो, पंचनामा करून घ्यायला नाही." आता बायकांच्या बाबतीत इतकी नाजूक काळजी घेणारा कुणी मी तरी पाहिला नाही. आमच्या अंगाचे आकडे दुनिया खुशाल मोजते आणि वर सल्लेही देते. पुरुषांची अब्रू तेवढी पातळ कापडाची. हे मी मास्टरांना तोंडावर सांगितलं होतं, कारण मी फटकळ आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते हसले आणि म्हणाले, "म्हणून तर अस्तर लावतोय."

मास्टर म्हणजे उंच माणूस, काठीसारखा ताठ. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा. हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कपड्यात आतल्या शिवणीला भरपूर माया, जादा कापड, सोडायचे, म्हणजे पुढेमागे माणूस सुटला तर पँट सोडवून देता यावी. गिऱ्हाइकाला याची गंधवार्ता नसायची. पाच वर्षांनी पोट घेऊन यायचा, मास्टर शिवण उसवून द्यायचे आणि वर म्हणायचे, "कापड धुवून आटलं असेल."

एका बाबतीत मात्र मास्टरांना भारी तोरा होता. त्यांची कंबर. लग्नात घातलेली कॉफी रंगाची पँट त्यांनी जपून ठेवली होती आणि लग्नाच्या वाढदिवसाला ती घालून दुकानात यायचे. मधोमध उभे राहून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचे. "चौतीस. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही." त्यांचा मुलगा नोकरीला लागल्यापासून चांगलाच गोल झाला होता. तो दुकानात आला की, "कारट्या, तुझ्या एका पँटमध्ये माझ्या दोन निघतील," हे ठरलेलं. मुलगाही हसायचा. वहिनी, म्हणजे मास्टरांची बायको, कधी डबा द्यायला आल्या असल्या तर त्याही हसायच्या आणि मुलाची बाजू घ्यायच्या. दुकानाला एवढी करमणूक पुरत होती.

लोक मला विचारतात की मास्टरांच्या दुखण्याची सुरुवात कधी झाली. मला नाही सांगता येत. काही घडलंच नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. तयार कपड्यांची दुकानं वाढली होती, पण ती काही एका दिवसात वाढली नव्हती. सांगायचंच तर एवढं आठवतं की मास्टरांनी सकाळी रेडिओ लावणं बंद केलं. मला वाटलं रेडिओ बिघडला. मी एकदा बटण दाबून पाहिलं, तर चांगला वाजत होता. मास्टर म्हणाले, "बंद करा. डोक्यात जातो."

मग गिरकी बंद झाली. लग्नाचा वाढदिवस आला आणि गेला, मास्टर रोजच्या पँटमध्ये. एकदा एका गिऱ्हाइकाने खिसा थोडा खोल हवा होता म्हटलं, तर त्यांनी कात्री टेबलावर आपटली आणि ते बाहेर निघून गेले. ज्या माणसाने आयुष्यात गिऱ्हाइकासमोर आवाज चढवला नाही, त्याने. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतंय, मी गिऱ्हाइकाकडे. शेवटी मीच म्हणाले, "उन्हाचा त्रास होतो त्यांना." सांभाळून घ्यायची सवय लागली की तोंडातून असलं काहीतरी आपोआप निघतं.

कापडावर खडूने रेषा ओढून झालेली असायची, कात्री उघडून हातात धरलेली असायची, आणि मास्टर तसेच उभे. कापायचेच नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "पाठ धरलीय." हे पाठीचं दुखणं त्यांनी कित्येक महिने अंगावर काढलं. पुढे त्यात पोट आलं, मग डोकं आलं. मास्टरांना ज्याचा त्रास होता ते सोडून बाकी सगळे अवयव त्यांनी आळीपाळीने दुखवून पाहिले, असं मला आता वाटतं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे ते जात होते. डॉक्टर आमचंच गिऱ्हाईक, कमरेत दोन इंच कमी सांगायचं गिऱ्हाईक. त्यांनी पाठीच्या गोळ्या दिल्या, ताकदीच्या दिल्या, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं ठणठणीत निघालं. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मुलगा म्हणाला, "बाबा, काही नाही झालेलं तुम्हाला. सकाळी फिरायला जात जा, नको ते विचार येणार नाहीत." पोरगा गुणी आहे, वाईट मनाने बोलला नाही. पण तपासणीत काही निघालं नाही याचा अर्थ काही झालंच नाही, असा सरळ हिशेब त्याने लावला आणि मास्टरांनीही तोच लावून घेतला. मग तक्रार करायला त्यांना तोंडच उरलं नाही.

डॉक्टरांनी एकदा विषय काढला होता, हे खरं आहे. वहिनी सोबत होत्या, त्यांनीच मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मास्टर, झोप कशी लागते? कामात मन लागतं का? मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. एकदा त्यांना दाखवू या."

मास्टर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "डॉक्टर, मी कपडे शिवतो. फाडत नाही."

डॉक्टर हसले. मास्टर हसले. वहिनींनाही हसावं लागलं. आणि तो विषय तिथेच मिटला. मला ते ऐकून इतका राग आला होता की हातातली सुई बोटात गेली. मास्टरांचा विनोद चांगला होता, त्यात वाद नाही. पण त्या दिवसांत त्यांनी केलेला तो एकच विनोद होता आणि तो त्यांनी नको तिथे खर्च केला.

"खात नाहीत हो," वहिनी मला म्हणाल्या. "अर्धं ताट परत येतं. रात्रभर कूस बदलत असतात. पण एक बरं आहे, अंगाने उतरलेले दिसत नाहीत. कपडे बघा ना, आहेत तसे बसतात." मी मास्टरांकडे पाहिलं. ते टेबलाशी पाठमोरे उभे होते. शर्टाचे खांदे खांद्यावर, पँट कमरेवर, इस्त्री कडक. मीही मान हलवली.

त्याच सुमाराला बँकेतल्या कॅशियरचं झालं.

कॅशियर आमचं जुनं गिऱ्हाईक. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण सभ्य माणूस. तो पँट कमी करून घ्यायला आला. म्हणाला, "डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय." मास्टरांनी माप घेतलं, दोन वाढवून सांगितलं, मी दोन वजा करून लिहिलं. थोड्या दिवसांनी पुन्हा आला, तीच पँट घेऊन. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बाकावर बँकेतलेच कुणीतरी बसले होते. मास्टर आकडा सांगून वर म्हणाले, "तब्येत छान ठेवलीत हो." कॅशियरच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

ती तिसऱ्या वेळची पँट न्यायला तो आलाच नाही. त्याने आपला जीव संपवला होता. घरच्यांनी हार्टचं सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं मानल्यासारखं केलं. पँट आमच्या खुंटीला टांगलेली होती, इस्त्री करून, घडी मोडू नये म्हणून मध्ये कागद घालून. मास्टरांनी ती खाली काढली आणि मांडीवर घेऊन बसले.

"बाई, मी त्याला दोन वाढवून सांगत होतो," ते म्हणाले.

"तुम्ही सगळ्यांनाच सांगता."

"हो. पण खरा आकडा मला माहीत होता. त्याच्या बायकोला नव्हता."

मास्टरांनी पँट परत खुंटीला लावली. त्यानंतर त्यांनी कॅशियरचं नाव काढलं नाही, आणि खुंटीवरून ती पँट हलवूही दिली नाही.

मला कळलं ते मागच्या खिशांवरून. मास्टर वरच्या फळीवरून कापड काढत होते. हात वर गेले, शर्ट वर सरकला आणि पँटची मागची बाजू दिसली. आमच्या धंद्यात नसलेल्याला सांगते. पँट कमरेत कमी करायची तर मागच्या मधल्या शिवणीतून कापड आत घेतात. एकदा घेतलं तर कुणाला पत्ता लागत नाही. पण घेतच राहिलं की मागचे दोन खिसे एकमेकांकडे सरकत येतात. मास्टरांचे दोन खिसे जवळजवळ एकमेकांना टेकले होते.

मी हातातलं काम खाली ठेवलं. दुपारी मी आत डबा खायला बसले की बाहेर मशीन चालायची. मला वाटायचं, गिऱ्हाइकाचं काम उरकतायत, बरं आहे. ते स्वतःची पँट कमी करत होते. आणि एकच नाही, सगळ्या. शर्टाच्या बाजूच्या शिवणीसुद्धा. वाळत जाणारा माणूस आपल्या मागोमाग कपडे वाळवत चालला होता, आणि हात इतका चांगला, की घरात कुणाला काही दिसलं नाही. एखादा वाणी असता, शाळामास्तर असता, तर पँट ढगळ दिसली असती आणि बायकोने पहिल्याच महिन्यात धारेवर धरलं असतं. आमच्या मास्टरांना त्यांची कला नडली.

"मास्टर, मागचे खिसे बघितलेत का?" मी विचारलं.

"मागे कोण बघतं, बाई?"

"मी बघतेय."

त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाठ केली नाही. भिंतीला धरून सरकत सरकत फळीपर्यंत जायचे. बघणाऱ्याला हसू आलं असतं.

मी वहिनींच्या कानावर घातलं. त्यांनी घरी विचारलं, तर मास्टर म्हणाले, "बाईंना आता चष्म्याचा नंबर आलाय. जुनी पँट आहे, उसवली होती, शिवून घेतली." वहिनींना ते पटलं, कारण ते पटवून घेणं सोपं होतं. मी त्यांना दोष देत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेला माणूस सूत-सूत कमी होत असतो, तेव्हा काल आणि आज यांत फरक काढायचा कसा?

पुढच्या आठवड्यात माझ्या टोपलीत एक करड्या रंगाची नवी पँट आली, हूक लावायला आणि खाली तुरपाई करायला. कंबर एवढीशी. मी म्हटलं, "कुणाच्या पोराची हो? कंबर आहे की बांगडी?"

"आहे एकाची," मास्टर म्हणाले.

मी हूक लावला. कॉलेजातल्या पोरांना बसता-उठता भान नसतं, म्हणून दोरा दुहेरी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर ती पँट घालून दुकानात आले.

बसली होती अगदी झोकात. मागचे खिसे जिथल्या तिथे, शिवण सरळ, कुठे आत घेतल्याची खूण नाही. मी खिसे बघितले होते ना, म्हणून त्यांनी माझ्यासाठी नवी पँट शिवली होती. मी सुईत दोरा ओवत होते, तो ओवताच येईना. खुंटीवर कॅशियरची पँट होती आणि तिच्याखाली मास्टर उभे होते, आणि मला ठाऊक झालं की आपण गप्प बसलो तर हा माणूसही असाच, नीटनेटका, इस्त्री केलेला, जाणार.

मी मास्टरांशी एक शब्द बोलले नाही. वहिनींना फोन केला, म्हटलं, दुपारी दुकानात या आणि येताना मुलाला घेऊन या.

ते आले तेव्हा मी शटर अर्धं खाली ओढलं. मुलगा म्हणाला, "काय झालं, मावशी? आई घाबरलीय." मी मास्टरांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. इतक्या वर्षांत त्या टेपला मी कधी हात लावला नव्हता.

"उभे राहा," मी म्हटलं.

"काय चाललंय, बाई?"

"माप घ्यायचंय."

मला वाटलं होतं चिडतील, कात्री आपटतील. पण ते उठले आणि दुकानाच्या मधोमध, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे, हात जरा बाजूला धरून उभे राहिले. नाही म्हणायचाही त्यांना कंटाळा आला असावा. मी पेन्सिल वहिनींच्या हातात दिली आणि मास्टरांचा शर्ट वर केला. कमरेची हाडं वर आलेली दिसली. वहिनींच्या तोंडून आवाज निघाला, तो शब्द नव्हता. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने गावभर मापं घेतली होती, त्याचं माप कुणी घेतलं नव्हतं. तो सांगेल ते चौतीस.

मी टेप लावली. आकडा सांगायच्या आधीच मास्टर वाकले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "दोन वाढवून सांगायचं, बाई. पोरगा उभा आहे."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि रागाचा जोर जास्त होता म्हणून आवाज निघाला.

"कंबर अठ्ठावीस," मी म्हटलं. वहिनींनी लिहिलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "अठ्ठावीस."

मुलगा पुढे आला. आपल्या वडिलांच्या कमरेला त्याने दोन्ही हात लावून पाहिले, जसं कुणी पडेल म्हणून धरतं. "बाबा," एवढंच म्हणाला. मास्टर बाकावर बसले, गिऱ्हाइकांच्या बाकावर.

"सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले," ते म्हणाले. "कापड समोर असतं. कुठे कापायचं ते समजतं. हात उचलत नाही. तुम्ही सगळे बोलता ते पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं. बरेच दिवस झाले. काय सांगू? पाय मोडला असता तर सांगितलं असतं."

"मग कपडे का कमी करत होता?" वहिनींनी विचारलं.

"सैल पँट घालून फिरलो असतो, तर तू विचारलं असतंस."

"विचारलं असतं, तर?"

"तर सांगावं लागलं असतं."

वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. जे विचारायचं होतं ते विचारायची माझी हिंमत होत नव्हती, पण ते विचारल्याशिवाय शटर उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी खुंटीकडे बोट केलं. "मास्टर, त्याच्यासारखं काही मनात येतं का?"

मास्टरांनी मुलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "येतं," ते म्हणाले.

मुलाने खिशातून फोन काढला आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना लावला. बोलताना तो हसला नाही, आणि त्याने पलीकडच्यालाही हसू दिलं नाही.

मोठ्या दवाखान्यात मीही गेले होते. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून खुर्च्या. तिथे बसलेल्या पुरुषांपैकी दोघे आमचीच गिऱ्हाइकं. एक जण भिंतीवरचं वेळापत्रक पाठ करत होता. दुसरा मास्टरांना म्हणाला की पुतण्याला घेऊन आलोय. पुतण्या काही शेवटपर्यंत दिसला नाही. त्याने एकदा इकडे पाहिलं, मास्टरांनी एकदा तिकडे पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं ठरवून टाकलं. मास्टर घरी यायच्या वाटेवर म्हणाले, "त्याच्या कमरेला मी नेहमी दोन वाढवून सांगतो."

औषधाने जादू झाली नाही. पहिलं सोसलं नाही, ते बदलावं लागलं. दुसऱ्याचा गुण यायला कित्येक आठवडे गेले आणि त्या आठवड्यांत वहिनींनी त्यांना एकटं सोडलं नाही. अजूनही एखाद्या दिवशी मास्टर दुकानाच्या वळणापर्यंत येतात आणि परत फिरतात. त्यांच्या स्वतःच्या कपड्यांना त्यांनी हात लावायचा नाही, ते मी शिवायचे, हा वहिनींचा कायदा. रोज निघताना त्या दारात मास्टरांच्या कमरपट्टीत दोन बोटं घालून पाहतात. मास्टर गुपचूप हात वर करून उभे राहतात. मध्यंतरी वहिनी मला म्हणाल्या, "दुसरं बोट आता जरा अडतं." एवढ्यावर दोघी खूश.

आणि मग गेल्या महिन्यात फोटोग्राफर आला.

गल्लीच्या टोकाला त्याचा स्टुडिओ आहे. येताजाता सगळ्यांना "हसा जरा" म्हणणारा माणूस. हातात दोन पँट्स. "कमी करा, मास्टर. हल्ली सायकल चालवतोय." त्या त्याने आधी एकदा कमी करून नेल्या होत्या. बाकावर दोघे बसले होते. मास्टरांनी टेप लावली, मी पेन्सिल धरली आणि दोन वाढवलेल्या आकड्याची वाट पाहू लागले. मास्टर काही सांगेचनात. मग ते त्याच्याकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "एकोणतीस आहे. मागच्या खेपेला बत्तीस होती. झोप लागते का?"

फोटोग्राफर हसला. "टेलर आहात की डॉक्टर?"

बाकावरचे दोघेही हसले. मास्टर हसले नाहीत. त्यांनी टेप परत गळ्यात घातली. "मीही कमी करत होतो," ते म्हणाले. "माझ्याच पँट्स. लपूनछपून. आता औषध चालू आहे मला. मनाचं." हे त्यांनी बाकावरच्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आवाज कापत होता, पण आकडे सांगायचे तसा खणखणीत होता.

बाकावरच्या एकाला तेवढ्यात कसलंसं काम आठवलं. दुसऱ्याने वर्तमानपत्र वर केलं. फोटोग्राफरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त मागून दिवा काढून घ्यावा तसं झालं. "घाई नाही काही," तो म्हणाला. "राहू द्या इथेच. नेईन सावकाश." आणि गेला.

त्यानंतर गिऱ्हाइकं कमी झाली. मास्टर कामातून गेले, असं लोक बोलतात. आपल्या मापाबद्दल हा बाबा चारचौघांत काय विचारेल याची त्यांना धास्ती वाटते. माझा जळफळाट होतो. मास्टर म्हणतात, "बोलू देत. मीही आधी हेच बोललो असतो."

फोटोग्राफरच्या दोन्ही पँट्स खुंटीला आहेत. मास्टरांनी त्या कमी केलेल्या नाहीत. "आधी तो येऊ दे," म्हणतात. रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातात, स्टुडिओत दिवा आहे का बघतात, दिवा दिसला की परत येतात आणि मग शटर ओढतात.

काल दिवा नव्हता. मास्टर दुकानाकडे न येता तसेच पुढे त्याच्या घराच्या दिशेने गेले. गळ्यातली टेपही काढली नव्हती. मी शटर उघडं ठेवून बाकावर बसून राहिले. हातात काम होतं, पण एक टाका घातला गेला नाही. बऱ्याच वेळाने ते पाय ओढत आले आणि माझ्याशेजारी बसले.

"आहे," ते म्हणाले. "घरात आहे. दार नाही उघडलं. आतूनच म्हणाला, सर्दी झालीय."

मी हातातलं काम घडी घालून टोपलीत टाकलं.

"मला पाठदुखी झाली होती, बाई. त्याला सर्दी झालीय." मास्टरांनी टेप गळ्यातून काढली आणि गुंडाळून माझ्या टोपलीत ठेवली. "उद्या सकाळी परत जातो."